टिंबापासून सुरू होणारी फाईल

सातपूरला, व्हॉल्व्हच्या कारखान्यावरच्या मजल्यावर
आमचं ऑफिस. खाली लेथ सुरू झालं
की टेबलावरचा चहा गोल गोल थरथरतो.
मुदस्सर विचारतो, ताई, यात नेमकं काय लिहायचं?
मी म्हणते, जे आपल्याकडे असणार,
पण सोबत न्यायचं नाही, ते.
म्हणजे डिलीट?
नाही रे. राहतं जागच्या जागी. फक्त मोजत नाही कुणी.

आधी सोपी नावं.
नोड मॉड्यूल्स, दोनशे नव्वद एमबी,
दुसऱ्यांनी लिहिलेलं, कुणीही पुन्हा उतरवून घेईल.
लॉग फायली. बिल्डचा फोल्डर.
आणि हेमांगीचा मॅक प्रत्येक फोल्डरमध्ये
ओल्या पायाचा ठसा सोडून येतो ती फाईल.
ते तुझ्या मशीनवर वगळ ना, मी म्हणते,
तुझ्या घरचा केर सगळ्यांच्या यादीत कशाला?
ती हसते आणि तरीही लिहिते.

मग पासवर्डची फाईल.
पिंपळगावच्या पॅकहाऊसमधली द्राक्षं,
पेटीमागे पेटी, वजन, साखर, कुठलं बंदर,
सगळं त्या एका ओळीमागे कुलपात.
हे नाव मी स्वतः टाइप करते.
मागे एकदा ती गेली होती सगळ्यांसोबत,
आणि बोरस्तेसाहेबांनी रात्री साडेअकराला फोनवर
काही न बोलता नुसता श्वास घेतला होता.
आम्ही फाईल काढली, नाव यादीत घातलं,
निवांत झालो.
चुकलो.
एकदा ओळखीची झालेली फाईल
यादीत नाव लिहिल्याने अनोळखी होत नाही,
आणि काढून टाकली तरी
मागच्या तारखेचं पान उलटलं की तशीच ताजी.
शेवटी कुलूपच बदलावं लागलं.

आणि हे काय? मुदस्सर स्क्रीन वळवतो.
सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, उघड्यावर,
नोंदी डॉट टेक्स्ट.

गुरुवार – अण्णांचा एमआरआय. उपाशीपोटी.
गॅसवाल्याचा नंबर.
कॉलेज रोडचा फ्लॅट – डिपॉझिटचं बोलणे.
रिपोर्ट आणायला एकट्यानेच जाणे.

पुष्कराज गायधनी. तीन वर्षं झाली हिंजवडीला गेला.
संध्याकाळी सातला, निघायच्या घाईत,
एकच टिंब देऊन
समोरचं सगळं उचललं असणार त्याने.
तेव्हापासून जो जो नवा आला
त्याच्या मशीनवर पहिल्याच दिवशी
अण्णांचा गुरुवार उतरला.
आम्ही अकरा जण. कुणीच उघडली नाही
किंवा उघडून बंद केली.
मी तर त्याच्या शेजारीच बसायचे.
एका दुपारी तो उशिरा आला तेव्हा म्हणाले होते,
काय साहेब, मिसळ अंगावर आली का?
तो म्हणाला होता, हो, तिखट होती.

वगळू? मुदस्सर विचारतो.
थांब जरा.
फाईल पुष्कराजला पाठवते. विषयाची जागा रिकामी.
काय लिहावं तिथे?
जेवणानंतर उत्तर येतं, एका ओळीचं:
गॅसवाल्याचा नंबर अजून तोच आहे.
मी ते दोनदा वाचते.
पुढचं विचारायला बोट उचलते,
खाली लेथ सुरू होतं, बोट तसंच राहतं.

मुदस्सरला अजून एक शंका आहे:
ही यादीच यादीत टाकायची का?
लपवायच्या गोष्टींची यादी, तीही नको दिसायला?
नाही, ही जाऊ दे सगळ्यांकडे.
काय सोबत नेलं नाही
एवढं तरी माहीत असू दे माणसांना.

तो कमिटचा निरोप लिहितो,
त्याला शिकवलंय तसा, नीट, एका ओळीत:
अनावश्यक फायली काढल्या.
मी त्याच्या खांद्यावरून वाकते
आणि पहिला शब्द
एकेक अक्षर मागे घेत
पुसते.